पॅनेलवरचा हार

धरणावरच्या बोटक्लबात मी तिकिटं फाडते आणि आमचा बोटवाला बॅटरीवरची बोट चालवतो. बोटीच्या टपावर सोलर पॅनेल आहे. ढगाळ दिवशी तेवढ्याने भागत नाही, मग धक्क्यावरच्या खांबावरून वायर ओढून बॅटरी लाइटवर चार्ज करायची. पण ऊन असेल तर तो त्या वायरीला हात लावत नाही. "वरून फुकट येतंय ना, ते आधी घेऊ," म्हणतो.

पॅनेलवर सावली पडलेली त्याला अजिबात खपत नाही. कुणी टपावर टॉवेल वाळत टाकला, की हा लांबूनच ओरडतो, "ओ, उचला ते! एवढ्याशानं पण चार्जिंग लय कमी होतं!" एकदा क्लबच्या साहेबांनी टोपी ठेवली, तर त्यांनाही सोडलं नाही. मग स्वतःच फडकं घेऊन पॅनेल पुसतो, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं.

यंदा दसऱ्याला सकाळी बघते तर ऊन लख्ख, आणि यानेच पॅनेलवर झेंडूचा जाडजूड हार आडवा घातलेला. बोटीला धक्क्यावरची वायर जोडलेली. बॅटरी भरेपर्यंत सुट्टीची गर्दी ताटकळत होती, साहेब दोनदा हाका मारून गेले.

"अहो, हार काढा की. सावली पडतेय," मी म्हणाले.

"आज नाय, ताई. पूजा केलेल्या हत्याराला आजच्या दिवशी कामाला लावत नाय आमच्यात. बोटीला सुट्टी नाय, मला नाय. याला तरी असू द्या."