दरीच्या काठावर मारलेली हाक

दरीच्या काठाची वाट सोपी आहे. चढ नाही, गर्दी नाही, म्हशीसुद्धा डुलत जातात. नांदेडच्या डॉक्टरनं बायकोला रोज चालवा म्हटलं, तेव्हा मी हीच वाट धरली. तिला काही आठवेनासं होत चाललं होतं. डॉक्टरनं नाव विचारलं तर तिनं माहेरचं सांगितलं. मी तिथंच तापलो. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं ते मी. शाळा दुसरीपर्यंतची, पण तेवढी अक्षरं पाटीवर गिरवून पक्की केली होती. माझ्या घरात तेच नाव चालणार.

सून म्हणायची, "मामा, संगं कुणाला तरी न्या."

"मी काय आंधळा हाय?"

त्या दिवशी तंबाखू मळायला पाठ फिरवली. वळून पाहतो तर वाट रिकामी.

"अगं ए!"

माझाच आवाज दरीतून परत आला. खाली लई खोल पाणी, उघडे खडक. कडेला तिची एक चप्पल पडलेली.

लांबून शेळ्या चारणारी बाई ओरडली, "आबा, अगं-अगं काय करून राहिलात? नावानं हाका मारा की!"

उभ्या जन्मात चारचौघांत बायकोचं नाव घेतलं नव्हतं. घेतलं. घसा फाटेस्तोवर घेतलं. हूं नाही की चूं नाही.

बाई धावत आली आणि तिनं बोट दाखवलं. काठाच्या जरा खाली, बोरीच्या झुडपाआड ती बसली होती. पाय दरीत सोडलेले. जिवंत होती. मी हळूच पुन्हा तेच नाव घेतलं. तिनं मान वळवली नाही. उलट बोरासाठी आणखी पुढं सरकली. खडे घरंगळत खाली गेले.

मग मी तिचं माहेरचं नाव घेतलं.

ती लगेच वळली. "दादा? न्यायला आलास?"

शेळीवाली माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

"हाव," मी म्हणालो. "दादाच हाय. हात दे."

"आपल्या घरी ना? त्या म्हाताऱ्याच्या घरी न्हाई येणार मी."

"न्हाई. आपल्या घरी."

तिनं हात दिला. वाटभर ती त्या म्हाताऱ्याच्या कागाळ्या सांगत होती, लई हट्टी हाय, कुणाचं ऐकत न्हाई. मी हाव, हाव म्हणत चाललो होतो. वळणावर आमचं घर दिसलं तशी माझी पावलं थांबली. तिनं माझा हात घट्ट धरला होता.