गार इंजिनाचा धूर

देवपुरातल्या आमच्या घरी पौषातली सकाळ आधी नाकाला कळते आणि मग डोळ्यांना. शेजारच्या बंबातल्या गोवऱ्यांचा वास, पांझरा नदीवरून चढत आलेल्या धुक्याचा ओलसर गंध, कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून येणारा लसणाच्या फोडणीचा पहिला ठसका, हे सारे उजाडायच्या आत अंगणात येऊन बसलेले असते. यंदा त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली होती. नाना, म्हणजे माझे वडील, गाडीची किल्ली फिरवायचे, इंजिन दोनदा खोकायचे, आणि मागच्या नळीतून असा काही पांढराशुभ्र धूर उसळायचा की मागची भिंत, दोरीवरची गोधडी, शेजाऱ्यांची खिडकी, सगळे दिसेनासे व्हायचे. पाच-सात मिनिटांत तो विरायचा आणि गाडी, मी नाही त्यातली, अशा थाटात गुरगुरत उभी राहायची.

मी जळगावला असते, शाळेत मराठी शिकवते आणि स्वभावाने तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. धाकटा भाऊ पुण्याला. त्याने धुराचे चित्रीकरण फोनवर पाहिले आणि तिथूनच निदान केले: हेड गॅस्केट गेले, इंजिन पाणी पितेय, पंधरा वर्षांच्या गाडीचे इंजिन उतरवण्यात शहाणपण नाही, भंगारात द्या. भंगारवाल्याला त्याने रविवारी घरी बोलावलेही. मी गुरुवारी आले ती नानांची समजूत घालायला. पंच्याहत्तरी उलटलेल्या माणसाने गाडी चालवू नये, असे माझेही मत होतेच. धुराने आयते निमित्त दिले होते.

नानांचे म्हणणे एवढेच की आईची सकाळची फेरी बंद पडेल. रोज सकाळी ते तिला शेजारी बसवून पुलावरून पलीकडे नेत, पेठेत एक चक्कर मारत आणि परत आणत. ती फेरी झाल्याशिवाय आई घास घेत नाही, असे ते म्हणत. मला हे नानांचेच लाड वाटत. तुम्हाला गाडी सोडवत नाही आणि नाव आईचे पुढे करता, असे मी फाडकन बोलून गेले. ते बोटांनी नुसती किल्ली चोळत राहिले. मला आज त्या बोलण्याची लाज वाटते.

आई थोडी विसराळू झाली होती, हे मला दिसत होते. पण 'थोडी' हा शब्द नानांचा. फोन केला की ती पूजेला बसलेली असे, नाहीतर शेजारी गेलेली. आल्या आल्या तिने मला मावशीच्या नावाने हाक मारली तेव्हा नाना इतक्या मोठ्याने हसले की मीही हसले. वयाने माणूस विसरतोच, असे म्हणून मी चहा टाकायला गेले.

भंगारात घालण्याआधी एकदा हनीफभाईंना दाखवू, एवढा एकच हट्ट नानांनी धरला, तोही माझे बोलणे ऐकून घेतल्यावर. हनीफभाई आमचे जुने मिस्त्री. गाडी त्यांच्याकडे दोनदा जाऊन आली होती आणि दोन्ही वेळा धुराचा मागमूस नव्हता. ते म्हणाले, तुम्ही गाडी चालवत आणता म्हणजे गरम करून आणता; हा आजार गारठ्यातला आहे, तो माझ्या दारात येईपर्यंत पळून जातो, तेव्हा आता मीच तुमच्या दारात येतो. गुरुवारी संध्याकाळी येऊन त्यांनी पाण्याच्या बाटलीवर पातळीची खूण केली आणि सकाळपर्यंत किल्लीला कोणी हात लावायचा नाही, अशी तंबी दिली.

शुक्रवारी उजाडता उजाडता ते मफलर गुंडाळून हजर. वैद्याने नाडी पाहावी तशी त्यांनी थंडगार इंजिनाची तपासणी केली. पाण्याची पातळी खुणेवर, तसूभरही कमी नाही. ऑइलची पट्टी ओढून पुसली, पुन्हा बुडवून उजेडात धरली. पाणी मिसळले की ऑइल ताकासारखे होते, हे तर स्वच्छ होते. प्लग काढले, कोरडे. मग त्यांनी नानांना किल्ली फिरवायला सांगितली. धूर उसळला, आणि ते चक्क त्या धुरात वाकून वास घेत उभे राहिले. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे पाणी, जळत असेल तर गुळचट वास येतो म्हणे. नळीच्या तोंडाशी त्यांनी तळहात धरला, थेंब गोळा केले, बोटांनी चोळले. आमच्या गाडीतले कूलंट हिरवे. हातावरचे पाणी काचेसारखे नितळ होते.

"ताई, हे गाडीचं पाणी नाही," ते म्हणाले. "हे नळाचं पाणी आहे. बाहेरून आत गेलंय."

गाडी कोण धुते, असे त्यांनी विचारले. कोणी धूत नव्हते. मी नानांकडे पाहिले तर ते बॉनेट पुसण्यात गढून गेलेले. हनीफभाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, हत्यारे पिशवीत भरली आणि उद्या जरा लवकर येतो म्हणाले.

शनिवारी मी त्यांच्याही आधी उठले. समोरच्या खोलीच्या खिडकीशी शाल पांघरून उभी राहिले. पूर्वेला नुसती राखाडी रेघ उमटली होती. दार करकरले आणि आई बाहेर आली, हातात पितळी तांब्या, पदर नीट खांद्यावरून घेतलेला. एकही पाऊल न चुकता ती गाडीच्या मागे गेली, वाकली आणि बंपरवर पाण्याची धार धरली. काही पाणी खाली सांडले, काही ओघळून नळीच्या तोंडात गेले. ओठांतल्या ओठांत ती काहीतरी बोलत होती. रिकाम्या तांब्यातला शेवटचा थेंबही तिने झटकला.

त्या जागी कढीपत्त्याचे झाड होते. आईने लावलेले, पुरुषभर उंचीचे; सगळी गल्ली त्याची पाने न्यायची आणि आमच्या घराला सदा त्याचा वास असायचा. तीन वर्षांपूर्वी नानांचे गुडघे गेले, गाडी आत घेणे भाग पडले आणि झाड काढावे लागले. जमिनीलगत उरलेल्या खुंटावर नानांनी पहिल्याच महिन्यात गाडी मागे घेताना नळी आपटली होती. तेव्हापासून तिचे तोंड वर वळलेले आणि अंगणाचा उतार फाटकाकडे, म्हणजे गाडीच्या तोंडाच्या बाजूला, म्हणून पडेल ते पाणी थेट सायलेन्सरच्या पोटात जात होते. आईचे हे पाणी घालणे गेल्या उन्हाळ्यात सुरू झाले असावे, तेव्हा ते कोणाला कळले नाही. थंडीने तेवढे दाखवून दिले.

हनीफभाई फाटकाबाहेर उभे होते. त्यांनीही पाहिले होते. आई घरात जाईपर्यंत त्यांनी कडीला हात लावला नाही.

मागे वळले तर नाना दारात. तुम्हाला माहीत होते, मी म्हणाले. प्रश्न विचारण्याजोगे काही उरलेच नव्हते. पुष्कळ दिवसांपासून माहीत आहे, ते म्हणाले. धुराचे कारणही पहिल्या खेपेलाच उमगले होते. एक दिवस त्यांनी मुद्दाम गाडी बाहेर लावून पाहिली, तर ती मोकळी जागा बघून आई तांब्या घेऊन तिथेच बसली आणि झाड कुठे गेले म्हणून दुपारपर्यंत रडली. गाडी उभी असली की तिला वाटते, झाड मागे आहे. नंतर गाडीत घालून फिरवले की सकाळचे सगळे ती विसरते आणि दोन घास खाते.

मग सांगितले का नाहीत, गाडी उद्या भंगारात चालली होती, असे मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला.

"गाडीले काय म्हनानं ते म्हना," नाना अहिराणीत म्हणाले. शहरात नोकरी करूनही फार आतले काही बोलायचे झाले की त्यांच्या तोंडी हीच भाषा येते. "तिले कोन्ही काही म्हनाले नको."

मी रडले. शाळेत पोरांना दरडावणारी मी, दारात उभी राहून बापाच्या स्वेटरवर डोके टेकून रडले. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि चहा टाक, हनीफ थंडीत उभा शे, एवढेच म्हणाले.

हनीफभाई चहा घ्यायला आत आले. नळी वाकवून सरळ केली तर भागेल का, असे मीच विचारले. पाणी अंगावर पडत राहिले तर कुठून तरी शिरेलच, ते म्हणाले. मग आईला थोपवायचे कसे, या माझ्या प्रश्नावर त्यांनी कप खाली ठेवला.

"अक्कांना थोपवू नका. घालू द्या पाणी. मी त्याला खालून वाट करून देतो."

गाडीखाली पोते अंथरून ते आडवे झाले, सायलेन्सरच्या सगळ्यांत खोल भागाला ड्रिलने एक बारीक छिद्र पाडले, आणि साठलेले पाणी गंजाचा लालसर रंग घेऊन मातीत उतरले. चालवताना थोडी फुरफुर ऐकू येईल, तिच्याकडे लक्ष देऊ नका, असे त्यांनी नानांना बजावले. इंजिन आणखी पुष्कळ वर्षे जाईल, असेही म्हणाले. गाडी ठणठणीत होती. ही बातमी भावाला देताना माझा आवाज इतका पडलेला होता की तो म्हणाला, ताई, मग वाईट काय झालं? मी त्याला ते सांगितले. भंगारवाल्याला नको म्हणून सांगतो आणि मी येतो, असे तो म्हणाला.

रविवारी पहाटे मी आईच्या मागोमाग अंगणात गेले. धुके इतके दाट होते की फाटक दिसत नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले. मी तिला कोण वाटले, कोणास ठाऊक, लेक, बहीण की गल्लीतली पाने मागायला आलेली कोणी. तांब्या मात्र तिने माझ्या हातात दिला आणि बाजूला सरकून जागा करून दिली. मी घाईघाईने धार धरली, तशी तिने माझे मनगट पकडले. तिचा हात उबदार होता.

"धीरे घाल व," ती म्हणाली. "मुळ्या उघड्या पडतीन."

मी हात खाली नेला आणि धार बारीक केली.