साहेब येणार म्हणून कापलेलं गवत

कारखान्याच्या वसाहतीत साहेब येणार म्हटलं की झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागतो. ह्यांच्या नोकरीपायी अकोल्याहून भोपाळला आले, तेव्हा पहिल्यांदा हे पाहून मी पोट धरून हसले होते. पुढे त्याच गेरू-चुन्याने माझ्या पोटात गोळा आणला.

वसाहतीच्या शाळेत मी विज्ञान शिकवायची, पण कच्च्या नोकरीवर. दर उन्हाळ्यात घरी बसायचं आणि पुन्हा बोलावणं येतंय का याची वाट पाहायची. त्या वर्षी मात्र मोठ्या ऑफिसातले एक साहेब माझा तास बघून मला पक्की करायचं की नाही ते ठरवणार होते. विषय मीच निवडला होता, परिसंस्था. शाळेमागे गळक्या नळाजवळचा एक तुकडा मी मुद्दाम माजू दिला होता. टाकळा, रुई, आघाडा आणि कमरेएवढं गवत. सातवीच्या पोरांना तिथे सुरवंट, गोगलगायी, सरडे सापडले होते, आणि नळाखालच्या विटेआड एक गलेलठ्ठ बेडूक. त्याच्यावर अख्ख्या वर्गाचा जीव. माझाही.

आदल्या दिवशी जेवताना मी ह्यांना विचारलं, "अहो, बेडूक ऐनवेळी दिसलाच नाही तर?"

"अगं, साहेब परीक्षा तुझी घेणार की बेडकाची?" हे म्हणाले.

मला हसू आलं नाही. बेडकाचं एक वेळ सोडा, साप निघाला तर? एखादं पोर किंचाळलं तर?

सकाळी शाळेमागे गेले आणि बघते तर काय, तुकडा साफ! गवत मुळापासून छाटलेलं, कडेला विटांची गेरू-चुना लावलेली रांग, नळ दुरुस्त, आणि वर ताजी रंगवलेली पाटी: 'पारिस्थितिकी तंत्र', म्हणजे हिंदीतली परिसंस्था. साहेब इथे उभे राहणार, एवढंच बागेच्या मुकादमाच्या कानावर गेलं होतं. भला माणूस, उजाडल्यापासून माळी लावून राबला होता.

"मॅडम, एकदम चकाचक कर दिया," तो म्हणाला.

मी थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रडायलाही वेळ नव्हता.

साहेब आले. सातवी त्या बोडक्या तुकड्याभोवती उभी राहिली. "यहाँ कौन-कौन रहता है?" मी विचारलं. ठरवलेला प्रश्न तोच होता आणि भीतीने दुसरा सुचेना. मग आनंद नगरहून येणारी, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कल तक तो सब रहते थे."

तिच्यामागून सगळीच बोलायला लागली. रुई गेली, आता सुरवंट काय खाणार? किडे नाहीत तर सरडा कशावर जगणार? नळ गळत नाही तर बेडूक कुठे जाणार? चुन्याच्या रेघेपाशी मुंग्या माघारी फिरत होत्या, तेही कोणीतरी दाखवलं. मी पुस्तकातून शिकवलेलं सगळं पोरं त्या उघड्या मातीवर उभं करत होती.

साहेबांनी चष्मा काढला. "तो काटा किसने ये सब?"

मुकादम मागेच उभा होता, मुख्याध्यापिका माझ्याकडे बघत होत्या. मी काही सारवासारव करणार, तोच ती मुलगी म्हणाली, "सर, आप आने वाले थे ना, इसलिए."

साहेब आपल्या बुटांना लागलेल्या चुन्याकडे बघत राहिले. मला वाटलं, गेली नोकरी.

गेली नाही. मी पक्की झाले, घरी पेढे आले. त्या तुकड्याला हात लावायचा नाही असं साहेबांनी जाताना बजावलं होतं, आणि मुकादमाने इमानेइतबारे नळ पुन्हा थोडा सैल करून दिला. गवत आलं, रुई फुटली, सुरवंटही आले. मी रोज हजेरीवर सही करायच्या आधी मागे जाऊन बेडकासाठी नळाखालची वीट उचलून बघायची. वर्गात शिरले की पोरं विचारायची, "मॅडम, आया?"

मी नाही म्हणून मान हलवायची. आणि भीती वाटायची की एक दिवस ही विचारायचीच बंद होतील.