कौलांतली पानफुटी

मंजुळाताई पाटील चिडल्या की गप्प व्हायच्या. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज मला चौथ्या मजल्यावर ऐकू आला.

पेणकरपाड्यातली आमची बिल्डिंग त्यांच्याच सासऱ्यांच्या भातशेतावर उभी आहे. बिल्डरने शेतावर डेब्रिजचा भराव टाकला. मागच्या मोकळ्या पट्ट्यात सोसायटीने दोनदा लॉन लावली, दोन्ही वेळा ती जळाली. मग सगळ्यांनी तो पट्टा सोडून दिला आणि ताईंनी तो हातात घेतला.

त्यांचं जुनं घर पाडलं तेव्हाची नळीची कौलं त्यांनी जपून ठेवली होती. दोन कौलं समोरासमोर बांधायची, अर्धी जमिनीत रोवायची, आत विटांचा चुरा, रेती आणि मूठभर शेणखत. त्यात पानफुटी आणि कोरफड. कुणाच्या तरी फ्लॅटमधून निघालेलं बेसिन त्यांनी उचललं; भोक आयतंच, पाणी साचायचा प्रश्न नाही. कंपाउंडच्या भिंतीला भेगा होत्या, तिथे काथ्यात गुंडाळून छोटी रोपं खोचली.

"आता कमोडही आणा," मी हसून म्हटलं होतं.

"आन की तुझा! पन यांना लय पानी नको घालू. सडतील."

तीन वर्षांत त्या पट्ट्यावर मातीचा कण दिसेना. पानफुटीला लाल फुलांचे झुबके लटकायचे.

मग ताई भाचीच्या लग्नाला चेण्याला गेल्या, चार दिवसांसाठी. त्याच आठवड्यात आमचा सेक्रेटरी निकेत दारोदार एक कागद घेऊन फिरला. मागच्या बाजूचं सुशोभीकरण, म्हणाला. कुकर शिट्ट्या देत होता. मी न वाचता सही केली.

ताई परतल्या तेव्हा तिथे प्लास्टिकचं हिरवं गवत होतं. कौलांचे तुकडे कचऱ्याच्या गाडीतून केव्हाच गेले होते.

"निकेत! माझी झाडं कुठं हायत?"

"मावशी, टेन्शन नका घेऊ. बघा ना, किती क्लीन दिसतंय."

"क्लीन? जिती झाडं व्हती ती!"

"पण सगळ्यांनी सह्या केल्यात. मेजॉरिटी आहे."

ताई घरात गेल्या आणि कोयता घेऊन आल्या. एका टोकापासून त्यांनी गवत फाडायला सुरुवात केली. निकेत फोन काढून ओरडला, "पोलिसांना बोलावतोय मी!"

"बोलाव. त्यांना पन सांगीन, शेत गेलं तवा गप बसले. आता न्हाय."

मी धावत खाली गेले आणि गवताचं दुसरं टोक धरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू सही केलीस?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"मग सोड ते. हात लावू नको."

पोलीस काही आले नाहीत. पुढच्या रविवारच्या मीटिंगमध्ये तासभर भांडण झालं आणि अर्धा पट्टा ताईंना परत मिळाला. आभार वगैरे त्यांनी मानले नाहीत. उरलेल्या गवताच्या कडेने त्यांनी घायपात लावला, टोकदार काट्यांचा, एकमेकांना खेटून. निकेतने मुलांना लागेल म्हणून तक्रार केली. ताईंनी ऐकलंच नाही.

निकेतशी त्या अजून बोलत नाहीत. माझ्याशी बोलतात. पण नव्याने लावलेली पानफुटी वाढल्यावर त्यांनी शेजारपाजारी सगळ्यांना तिची पानं लावायला वाटली, तेव्हा माझ्या दाराची बेल काही वाजली नाही. मीही मागितली नाहीत.