निओराची बढती

“हुद्दा खांद्यावर बसतो, पण तोलायचा असतो पायांनी.”

शेषेरावांचं हे बोलणं ठरलेलं. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, मयतीहून परतताना, कुठंही. ऐकणारा मान हलवायचा आणि म्हणायचा, “हाव मेजर.”

मेजर ते कधीच नव्हते. आमच्या लोहा-कंधारकडं फौजेतून घरी आलेला प्रत्येक माणूस मेजर होतो. गाव त्याला न विचारता बढती देऊन टाकतं. शेषेराव हवालदार होते. नायब सुभेदारी समोर आली होती, ती त्यांनी नाकारली, एवढं मला ठाऊक होतं. मी त्यांचा शेतशेजारी. का नाकारली, ते कधी विचारलं नाही. बांधावरच्या माणसानं सगळंच विचारू नये.

त्यांचे पाय मात्र मी रोज पाहत आलो. बसले तरी ते पाय चालतच असायचे. जेवताना अंगठा हलायचा. एसटीची वाट बघायची तर थांब्याला फेऱ्या घालत.

आमच्या गावची जत्रा मार्गशीर्षात भरते. दूरदूरचे घोडे विकायला येतात. त्या वर्षी पंचांनी ठरवलं, स्वयंसेवकांच्या पथकाचं प्रमुखपण मेजरांकडं द्यायचं. देवळासमोरच्या मचाणावर माईक घेऊन बसायचं, गळ्यात शिट्टी अडकवायची आणि गर्दी बघून पोरांना इकडंतिकडं पाठवायचं. शेषेराव म्हणाले, “सांगतो.” आठवडा गेला तरी सांगेनात. रात्रंदिवस बांधावरून येरझाऱ्या.

तेवढ्यात लातूरहून त्यांची भाची ऋतुजा सुट्टीला आली. कॉलेजात शिकणारी, बोलायला तिखट. ओसरीवर लॅपटॉप घेऊन ती एक खेळ खेळायची. त्यात आकाशात लढाई होती, ताऱ्यांमधून जहाजं फिरत होती. त्या जहाजांपैकी एकाची कप्तान होती निओरा. कुणी अडकलं की ती स्वतः उडी घ्यायची. जळत्या जहाजात शिरायची आणि खांद्यावर माणूस टाकून परतायची. आता खेळ एका जागी येऊन थांबला होता. पडद्यावर प्रश्न होता: निओराला सगळ्या आरमाराची सरसेनापती करायचं का?

“करायचं म्हणजे काय, करायचंच!” मी म्हणालो.

“थांब रे,” शेषेराव उभेच होते. “ऋतू, ही बाई जहाजाबाहेर गेली की मागं कोण असतंय?”

“कुणी नाही मामा. म्हणून तर मी अडकले.”

“मंग नको देऊ. सेनापतीला जाता येत न्हाई. त्याला दुसऱ्याला पाठवून बसावं लागतंय. हिला बसवतच न्हाई.”

“पण तिच्याइतकं शूर कुणी नाही.”

“शूर लई असतेत. बसणारा सापडत न्हाई.”

आतून शेषेरावांच्या बायकोचा, कस्तुराबाईंचा आवाज आला. “खेळातल्या बाईच्या बढतीपायी झोप उडाली ह्यांची! तीस साल झाले, घरच्या बाईला चुलीपासून हलवलं का कधी?”

आम्ही हसलो. ऋतुजा हसली नाही. मामांच्या पायांकडं बघत म्हणाली, “तुम्ही तरी बसाल का मामा?”

शेषेराव बराच वेळ अंगणात फिरत राहिले. मग तुळशीपाशी थांबून, आमच्याकडं पाठ करून म्हणाले, “साहेबानं सांगितलं होतं, पुढचा हुद्दा घेतला तर वायरलेसपाशी बसावं लागंल, पोरं बाहेर पाठवावी लागतील. पोरं बाहेर गेली की मला आत दम निघत न्हाई. म्हून न्हाई म्हणालो.”

“मग आता बघूया,” ऋतुजा म्हणाली. “जत्रेच्या मुख्य दिवशी मचाणावर दिवसभर बसून दाखवा. तुम्ही बसलात तर निओरा सरसेनापती.”

त्यांनी वळून पाहिलं. “हाव. बसतो.”

आणि बसले. सकाळपासून बसले. “पंढरी, पाण्याच्या टाकीकडं दोघं पाठव! सोमेश, दोर ताण!” आवाज खणखणीत. हात माईकवर, पाय मात्र फळीवर ताल धरून. मी खाली उभा होतो. ऋतुजा मचाणाच्या शिडीशी.

दुपार कलताना घोडेबाजारात ओरडा झाला. एक अबलख घोडा सुटला होता, खुंटा ओढत दुकानांत घुसत होता. शेषेराव उठले. बसले. पुन्हा उठले. “सोमेशला पाठवा मामा,” ऋतुजा ओरडली. तिचं वाक्य संपायच्या आत त्यांनी मचाणावरून उडी टाकली.

घोडा त्यांनी धरला. काय धरला म्हणता! दोराला लोंबकळत गेले, पण सोडला नाही. तिकडं टाळ्या पडत होत्या आणि इकडं पालखी देवळाच्या पायऱ्यांशी आली. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकमेकांत अडकले. बायकांच्या किंकाळ्या उठल्या. पथकाची पोरं मान वर करून मचाणाकडं बघत होती, आणि मचाण रिकामं होतं.

ऋतुजा शिडी चढली. माईक हातात घेतला. “पालखी तिथंच थांबवा. पंढरी, मागचा दरवाजा उघड, उतरणारे तिकडून काढ. खालच्यांनी जागा सोडू नका.” आवाज चढला नाही की कापला नाही. हळूहळू पायऱ्या मोकळ्या झाल्या. कुणाला इजा झाली नाही. पायऱ्यांवर चपलांचा खच आणि फुटक्या बांगड्या तेवढ्या उरल्या.

शेषेराव परतले ते लोकांच्या घोळक्यात. अंगभर धूळ, तळहात सोललेले. “मेजरनी घोडा धरला!” लोक सांगत होते. त्यांनी पायऱ्यांवर एक नजर टाकली. फुटकी बांगडी उचलून पाहिली, कडेला ठेवली. मग शिडी चढले, गळ्यातली शिट्टी काढली आणि भाचीच्या गळ्यात घातली.

“निओराला बढती देऊ नको.”

“मामा, तो घोडा कुणाला आवरला नसता.”

“नसता. जहाज तिच्यापाशीच ऱ्हाऊ दे. लई चांगली कप्तान हाय ती.”

खाली कुणी म्हणालं, “या मेजर, चहा घ्या.”

“हवालदार म्हण बाबा,” ते म्हणाले. शिडी उतरताना त्यांचा चेहरा मी जवळून पाहिला. एवढा निवांत तो मला कधी दिसला नव्हता.

ते घोडेबाजाराकडं निघाले, भरभर, सोललेले हात धोतराला पुसत. ऋतुजानं मचाणावरून पाहिलं, पण क्षणभरच. पालखी हलली होती, तिला गर्दीकडं बघायचं होतं. मी मोकळा होतो. मी ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिलो.