अंगठ्याखालचं पदक

राज्यातल्या शालेय बास्केटबॉलचा इतिहास निपाणीत सुरू होतो, असं आमच्या शाळेचे निवृत्त ड्रिलमास्तर दर समारंभात सांगतात. पुरावा म्हणून पहिल्या राज्य स्पर्धेतलं पदक दाखवतात, त्यावरच्या अक्षरांवर अंगठा ठेवून.

परवा शाळेच्या फलकावर एकट्या मास्तरांचं नाव रंगवलं जात होतं. ते पदक जिंकलेल्या संघातला एक जण, आता उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत असतो, म्हणाला, “मास्तर, आमची बी नावं घाला की. पळालतो आम्हीच.”

“इतिहासात गर्दी करू नये रं.”

“मग जरा अंगठा काढतासा काय?”

मास्तरांनी पेंटरला निमूट नऊ नावं सांगितली. त्या वर्षी न वाचता येणारा कन्नडमधला अर्ज भरताना त्यांनी चुकीच्या खेळापुढे खूण केली होती. पदक खो-खोचं आहे.