कार्ड होतं, कॅश नव्हती

नव्या कपड्यांचा वास आला की मॉलमधलं ते थंडगार दुकान आठवतं. लग्न झालेल्या लेकीकडून आम्ही पैसे घेत नाही, म्हणून ती दिवाळीला त्या दुकानाचं गिफ्ट कार्ड पाठवायची. त्या वर्षी यांना अर्धांगाचा झटका आला. समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी महागडं इंजेक्शन लगेच आणायला सांगितलं आणि खात्यात काही उरलं नव्हतं. मी कार्ड घेऊन दुकानात धावले. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "दीदी, कार्ड पे कॅश नहीं मिलता. साड़ी ले लो, ऑफर है." मी म्हटलं, "बेटा, साड़ी का क्या करूँ? आदमी दवाखाने में पड़ा है." तिने मॅनेजरकडे पाहिलं, त्याने नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात लेकीचा फोन आला, "आई, कार्ड वापरलं? यंदा तरी साडी घे, काहून कंजुषी करून राहिली?" यांच्या झटक्याचं सांगितलं तर ती पैसेच पाठवेल, म्हणून तेही तिला सांगितलं नाही. "हव, घेऊन राहिले," एवढंच म्हटलं. दिराने पैसे पाठवले तोवर इंजेक्शनची वेळ टळली होती. यांची वाचा गेली ती गेलीच. आता लेक "बाबांना दे" म्हणाली की मी फोन यांच्या कानाला लावते आणि ती एकटीच बोलत राहते.